इतर अधिकार

फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत आमच्या गावात तोडीचा ठेकेदार येतो. पाऊस सरलेला असतो, गाडीवाटा वाळायला लागलेल्या असतात आणि उतारावरचं रान अजून हिरवंगार उभं असतं. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा मी घरीच होते. पडवीत काकांच्या समोर बसून त्याने पिशवीतून नोटांचं पुडकं काढलं आणि सुपारीच्या तबकाशेजारी ठेवलं.

"काका, इसार धरा. झाडं मोजत बसायला नको. रान उक्तं घेतो."

काकांनी पुडक्याला हात लावला नाही. "मी एकटा कोण देणार? सातबाऱ्यावर एकवीस नावं आहेत."

"सह्यांचं माझ्याकडे लागलं. मुंबईला माणूस आहे आपला."

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं हे रान म्हणजे जेमतेम दहा एकरांचा उतार. ऐन, किंजळ, जांभूळ, सातवीण, खाली वहाळाच्या कडेला आंबे, आणि मधोमध एक जुना बेहडा. त्याच्या खोडात वर एक ढोली आहे. दरवर्षी उन्हाळ्यात तिथे धनेशाची जोडी येते. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर पिल्लं मोठी होईपर्यंत त्या फटीतून फळं भरवत राहतो. या रानातलं काहीही विकून काकांना आजवर चार पैसे मिळालेले नाहीत. वाळकी लाकडं, थोडी शिकेकाई, वहाळाला शिमग्यापर्यंत टिकणारं पाणी, एवढीच त्याची आवक.

ठेकेदार गेल्यावर काका म्हणाले, "बाय, मी आहे तोवर रान उभं आहे. पण माझ्या मागे हे तोडायचं नाही, असं लिहून कुठे ठेवायचं ते सांग. तू शिकलेली आहेस."

मी रत्नागिरीला वकिलांकडे गेले. मृत्युपत्र? ते फक्त काकांच्या हिश्शापुरतं. आणि ज्याला हिस्सा मिळेल तो मालक, त्याला कोण अडवणार? ट्रस्ट? त्यासाठी जमीनच ट्रस्टच्या नावावर करावी लागेल, आणि एकवीस जण ती का करतील? वनखात्याला देऊन टाकणं? हा शब्द ऐकूनच अर्धं गाव दचकतं. घरी येऊन मी सातबारा पुन्हा उलगडला. त्यात 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना असतो. सोसायटीचा बोजा तिथे लिहितात, कुळाचं नाव लिहितात, विहिरीतला हिस्सा लिहितात. दुसऱ्याच्या जमिनीवर आपलं जे काही चालतं, त्याची ती जागा. 'हे रान राखायचं आहे' असं लिहायला मात्र त्या रकान्यात कायद्याने वाट ठेवलेली नाही.

खाडीकाठची गुरं

यंदा मे महिन्यात बहिणीकडे कॅलिफोर्नियात गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन काउंटी लागते. पश्चिमेला डोंगर उतरून गेलं की टोमालेस बे नावाची लांबट, अरुंद खाडी. तिच्या तळाखालून सॅन अँड्रियास ही भूकंपाची भेग जाते, म्हणून ती नदीसारखी सरळ दिसते. खाडीला लागून रस्ता, रस्त्याच्या वर गोल गोल टेकड्या, टेकड्यांवर काळ्यापांढऱ्या गाई. मे महिन्यात गवत हिरव्याचं सोनेरी होत होतं. समुद्राकडून धुकं येत होतं. मैलोन्‌मैल एकाही जागेवर 'प्लॉट विकणे आहे' अशी पाटी नव्हती.

हे मला नवल वाटलं, कारण हे ठिकाण मोठ्या शहरापासून दीड तासावर आहे. खाडीकडे तोंड असलेला असा उतार कोकणात असता, तर त्याचे गुंठे पाडून केव्हाच विकले गेले असते. शिवाय या टेकड्या सरकारी नाहीत. खाजगी मालकीच्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्या दुधाचा धंदा करणाऱ्या कुटुंबांच्या. मग त्या उघड्या कशा राहिल्या?

त्या आपोआप राहिलेल्या नाहीत. १९६०च्या दशकात या पश्चिम किनाऱ्यावर लाखाहून अधिक वस्तीचं शहर आखलं गेलं होतं, त्यासाठी रुंद महामार्ग ठरले होते. गोल्डन गेटच्या अगदी समोरच्या डोंगरांवर मरिनचेलो नावाची तीस हजार लोकांची वसाहत व्हायची होती. लोक उठले, खटले झाले. मरिनचेलो बारगळलं, १९७२ मध्ये ती जमीन नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने घेतली आणि पुढे ती राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात गेली. त्याच सुमाराला काउंटीने शेतजमिनीवर नियम घातला: साठ एकरांमागे एकच घर.

पण नियमाचं आयुष्य निवडणुकीएवढं. काउंटीच्या मंडळावर पाच सदस्य. तिघांनी हात वर केले की नियम बदलतो. साठ एकरांना एक घर हे श्रीमंतांसाठी तर आमंत्रणच आहे: साठ एकरांचं अंगण असलेला बंगला. दूधवाल्या कुटुंबांना वाटत होतं, आपली ही शेवटची पिढी. गोठा दुरुस्त करायला पैसे घालावेत की विकून मोकळं व्हावं, हेच कळेना.

या पेचातून वाट काढली दोन बायकांनी. एलन स्ट्राउस ही खाडीकाठच्या मार्शल गावची दूधव्यावसायिक. ॲमस्टरडॅमला जन्मलेली ज्यू मुलगी, १९४० मध्ये नाझींपासून जीव वाचवून कुटुंबासह अमेरिकेला आलेली. फिलिस फेबर ही जीवशास्त्रज्ञ, पाणथळ जागांची जाणकार. शेतकरी आणि पर्यावरणवाले तेव्हा एकमेकांकडे संशयाने पाहत. या दोघी मैत्रिणी झाल्या आणि १९८० मध्ये त्यांनी मरिन ॲग्रिकल्चरल लँड ट्रस्ट स्थापन केला. केवळ शेतजमीन राखण्यासाठी स्थापन झालेला अमेरिकेतला हा पहिला लँड ट्रस्ट. त्याच्या हातात जे हत्यार होतं त्याला तिथे 'कन्झर्व्हेशन ईझमेंट' म्हणतात. मराठीत मी त्याला 'राखणीचा हक्क' म्हणते.

जमीन एकाची, आंबा दुसऱ्याचा

कोकणी माणसाला हा हक्क समजावणं सोपं आहे. आमच्याकडे जमीन एकाची आणि त्यातला आंबा दुसऱ्याचा, हे नवं नाही. परसातून वाट तिसऱ्याची, विहिरीत चार आण्यांचा हिस्सा चौथ्याचा. मालकी म्हणजे एकजीव वस्तू नव्हे, ती वेगवेगळ्या हक्कांची बनलेली असते, आणि त्यातला एखादा हक्क बाकीच्यांना धक्का न लावता काढून देता येतो, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला टीडीआर सांगितला की पुरे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून मुंबईत जमिनीवर बांधण्याचा हक्क जमिनीपासून सुटा करता येतो, प्रमाणपत्रावर लिहिता येतो आणि दुसऱ्या उपनगरात नेऊन वापरता येतो. राखणीच्या हक्कात पहिली पायरी हीच: बांधण्याचा हक्क जमिनीपासून सुटा करायचा. दुसरी पायरी मात्र उलटी. तो हक्क कुठेही नेऊन वापरायचा नाही. जी संस्था तो विकत घेते, ती तो कायमचा मिटवून ठेवते.

व्यवहार असा होतो. समजा एका शेताची बाजारातली किंमत शंभर रुपये आहे, कारण घेणाऱ्याला तिथे घरं दिसतात. घरं बांधता येणारच नाहीत असं पक्कं झालं, तर तेच शेत निव्वळ गवताच्या आणि गाईंच्या हिशेबाने साठ रुपयांचं. मधले चाळीस रुपये ही राखणीच्या हक्काची किंमत. लँड ट्रस्ट हे चाळीस रुपये शेतकऱ्याला देतो आणि करार नोंदवतो. शेत शेतकऱ्याचंच राहतं. तो ते कसतो, गहाण ठेवतो, मुलांना देतो, वाटलं तर विकतोही. पण जो कोणी घेईल तो करारासकट घेतो. कर्त्या माणसाने दिलेला शब्द तो गेल्यावरही जमिनीला चिकटून राहतो. काकांना हवं होतं ते नेमकं हेच.

आणि त्या चाळीस रुपयांचं काय होतं? इथे मला माझं घर दिसलं. मरिनमध्ये हा पैसा बऱ्याचदा भावंडांचे हिस्से सोडवण्यात जातो. चार मुलांतला एक शेतावर राहिला आहे, बाकीचे शहरांत गेले आहेत, त्यांना आपला वाटा रोख हवा आहे. शेत विकल्याशिवाय रोख कुठून आणायची? राखणीच्या हक्काच्या पैशातून तिघांना त्यांचा वाटा मिळतो आणि चौथ्याला शेत. कुणी कर्ज फेडतं, कुणी गोठा बांधतं. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी एका रोख्याला मंजुरी दिली, त्यातून मरिनच्या शेतजमिनीसाठी दीड कोटी डॉलर आले. २०१२ मध्ये काउंटीच्या मतदारांनी विक्रीकरात पाव टक्क्याची भर स्वीकारली आणि त्यातला एक हिस्सा या कामाला दिला. आज पन्नास हजार एकरांहून जास्त जमीन या ट्रस्टच्या करारांखाली आहे. स्ट्राउस कुटुंबाचं स्वतःचं शेतही त्यात आहे. एलनचा मुलगा अल्बर्ट याने १९९४ मध्ये तिथला दुधाचा धंदा सेंद्रिय केला. एलन २००२ मध्ये वारली. शेत आहे.

कायद्याला शिकवावं लागलं

हे हत्यार एका दिवसात घडलेलं नाही. १९३०च्या दशकात ब्लू रिज पार्कवे हा डोंगरमाथ्यावरचा रस्ता बांधताना दोन्ही बाजूंचं दृश्य उघडं राहावं म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांकडून असे हक्क घेतले गेले. पण कागद मोघम होते, शेतकऱ्यांना नीट समजावलेलं नव्हतं आणि पुढे तंटे झाले. १९५९ मध्ये विल्यम व्हाइट या पत्रकाराने एक पुस्तिका लिहिली. पेनसिल्व्हेनियातलं त्याचं लहानपणीचं खोरं डोळ्यांदेखत उपनगरांखाली जात होतं. सगळी मोकळी जमीन विकत घ्यायला सरकारकडे पैसा कधीच पुरणार नाही, मग फक्त हवा तेवढा हक्क का घेऊ नये, असा त्याचा मुद्दा. 'कन्झर्व्हेशन ईझमेंट' हा शब्द त्याच पुस्तिकेने रूढ केला.

अडचण कायद्याची होती. इंग्रजी परंपरेत असा हक्क एका जमिनीचा दुसऱ्या जमिनीवर असतो. माझ्या शेताला तुझ्या शेतातून वाट, माझ्या खिडकीला तुझ्या बाजूने उजेड. ज्याची शेजारी जमीनच नाही अशा संस्थेला, तोही कायमचा, आणि 'करू नको' एवढंच सांगणारा हक्क कोर्टं मानायला कचरत. म्हणून राज्याराज्यांत नवे कायदे करावे लागले. कॅलिफोर्नियाने १९७९ मध्ये केला, म्हणजे मरिनच्या ट्रस्टच्या एकच वर्ष आधी. १९८१ मध्ये सगळ्या राज्यांसाठी नमुना कायदा तयार झाला. त्याआधी १९८० मध्ये केंद्राच्या आयकर कायद्यात कायम कलम आलं: असा हक्क दान करणाऱ्याला त्याच्या किमतीएवढी वजावट.

मग वेग आला. २००१ मध्ये मेन राज्यात पिंग्री कुटुंबाच्या वारसांनी आपल्या जंगलावरचा बांधकामाचा हक्क न्यू इंग्लंड फॉरेस्ट्री फाउंडेशनला विकला. जंगल ७ लाख ६२ हजार एकरांचं, किंमत सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर. एकरी चाळीस डॉलरसुद्धा नाहीत. लाकूडतोड तिथे आजही होते, पण नियमात. तळ्याकाठचे बंगले मात्र होणार नाहीत. २०२०च्या गणनेनुसार देशभरच्या लँड ट्रस्टांनी विकत घेऊन, करार करून आणि इतर मार्गांनी राखलेली जमीन सहा कोटी एकरांवर गेली आहे.

दरवर्षी एक फेरी

करार झाला की संस्था एक फाइल करते. तिला तिथे पायाभूत नोंद म्हणतात. जमिनीचा नकाशा, कुठे किती इमारती, ओढ्याची कड कशी आहे, कुठल्या उतारावर कुठलं गवत, कुंपण कुठून कुठवर. आणि फोटो. प्रत्येक फोटो कुठे उभं राहून, कुठल्या दिशेला तोंड करून काढला, याची खूण नकाशावर केलेली असते. मालक आणि संस्था दोघेही त्यावर सही करतात: करार झाला त्या दिवशी जमीन अशी होती.

मग दरवर्षी संस्थेचा माणूस येतो. मालकाला आधी कळवून, त्याच्याबरोबर शेतावर फिरतो. त्याच जागी उभा राहतो, त्याच दिशेला फोटो काढतो आणि दोन फोटो शेजारी ठेवून पाहतो. नवी शेड उभी राहिली आहे का? ओढ्यात राडारोडा पडला आहे का? जमीन विकली गेली असेल तर नव्या मालकाला भेटतो, कारण मोडतोड बऱ्याचदा तिथेच होते. करार करणाऱ्याला शब्दाची आठवण असते, विकत घेणाऱ्याला नसते. प्रश्न निघाला तर आधी बोलणं, मग पत्र, शेवटी कोर्ट. त्या कोर्टासाठी संस्थेने आधीपासून पैसा बाजूला काढून ठेवायचा असतो.

'कायमचं' हा शब्द कागदावर लिहायला एक क्षण लागतो, पण खरा ठेवायला दर वर्षी कुणीतरी चिखल तुडवत जावं लागतं. आपल्या देवराया पाहा. त्या टिकल्या त्या नुसत्या देवाच्या भीतीने नव्हे. गावऱ्हाटी होती, गुरव होता, वर्षातून अमुक दिवशी सगळा गाव तिथे जाणार हे ठरलेलं होतं. जिथे ते जाणं थांबलं तिथे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतलीच झाडं पडली आणि देवळाला सिमेंटचा मंडप झाला.

जिथे हे हत्यार चुकलं

हा सगळा प्रकार निर्दोष नाही. करसवलत आली तिच्या मागोमाग ती लुटणारेही आले. काही दलालांनी गुंतवणूकदारांच्या भागीदाऱ्या केल्या, कुठेतरी स्वस्तात जमीन घेतली, तिथे मोठी वसाहत झाली असती असं दाखवून फुगवलेलं मूल्यांकन करून आणलं, हक्क दान केला आणि सगळ्यांनी घातलेल्या पैशाच्या कितीतरी पट वजावट घेतली. आयकर खात्याने २०१६च्या अखेरीस अशा व्यवहारांना संशयिताच्या यादीत टाकलं. २०२२च्या डिसेंबरमध्ये संसदेने अशा भागीदाऱ्यांसाठी सीमा घातली: गुंतवणुकीच्या अडीच पटीहून जास्त वजावट असेल तर ती नाकारायची.

दुसरी चूक मरिनमध्येच दिसली आणि ती जास्त शिकवणारी आहे. जुन्या करारांत 'घरं बांधायची नाहीत' असं होतं, 'शेती करायची' असं नव्हतं. मग श्रीमंत माणूस यायचा, करारामुळे स्वस्त झालेलं शेत घ्यायचा, असलेल्या घराचा महाल करायचा आणि गाई विकून टाकायचा. जमीन उघडी राहिली, पण शेती गेली. म्हणून ट्रस्टने पुढच्या करारांत जमीन शेतीच्याच वापरात राहील असं बंधन घालायला सुरुवात केली.

आणखी दोन प्रश्न उरतात. लोकांच्या पैशातून हक्क घेतला तरी त्या जमिनीवर लोकांना पाऊल ठेवता येतंच असं नाही. मालकी खाजगीच आहे. आणि मुळात ही जमीन कोणाची? या टेकड्या कोस्ट मिवोक लोकांच्या होत्या. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलून आदिवासी जमातींनाही असे हक्क धारण करण्याची मुभा दिली. उशिरा दिली, पण दिली.

तरीही या हत्याराचं मोल मला कळलं ते खाडीच्या पलीकडे पाहिल्यावर. पलीकडचा किनारा म्हणजे पॉइंट रेज राष्ट्रीय सागरकिनारा, १९६२ मध्ये केनेडींच्या सहीने झालेला. तिथे सरकारने दूधवाल्यांची जमीन विकत घेतली आणि त्यांनाच भाड्याने कसायला ठेवलं. गवतही तेच, धुकंही तेच. पण मालक सरकार. पुढे वाद वाढला. गुरांनी पाणी बिघडतं, टुली एल्क या हरणांना चरायला जागा राहत नाही, असे दावे झाले. २०२५च्या जानेवारीत तडजोड जाहीर झाली: चौदांपैकी बारा कुटुंबं मोबदला घेऊन धंदा बंद करणार. हरणांची बाजू खोटी नाही. त्यांना ती जागा हवीच होती. मला दिसलं ते एवढंच, की खाडीच्या एका काठावर जमीन वाचली आणि माणसं गेली, तर दुसऱ्या काठावर दोन्ही राहिली. कारण अलीकडच्यांनी मालकी सोडली नव्हती, तिच्यातला एक हक्क तेवढा दिला होता.

आमच्या उतारावर

परत आले आणि आपला कायदा काढून बसले. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२चा; मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याचं कलम ४ सांगतं की सुविधाधिकार हा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. अमेरिकेला नवे कायदे करून जी अट दूर सारावी लागली, ती आपल्याकडे एकशे चाळीस वर्षं जशीच्या तशी आहे. त्याच साली झालेला मालमत्ता हस्तांतरण कायदाही तेच म्हणतो: जमिनीच्या वापरावर बंधन घालता येतं, पण ते शेजारच्या जमिनीच्या फायद्यासाठी. या तत्त्वाचं मूळ लंडनच्या लेस्टर चौकात आहे. चौकाच्या मधली बाग उघडी ठेवीन या अटीवर एकाने ती विकत घेतली होती. पुढे मोक्सहे नावाच्या खरेदीदाराला ती अट माहीत असूनही बांधकाम करायचं होतं. १८४८ मध्ये कोर्टाने त्याला अडवलं, कारण मूळ मालकाची चौकात घरं होती. बाग वाचली ती घरं शेजारी होती म्हणून. आमच्या रानाशेजारी धनेशाचं घर आहे, पण त्याच्या नावावर सातबारा नाही.

कायद्याने आपल्याला दुसरी वाट दिली ती ताब्याची. ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्रात खाजगी वने संपादन कायदा लागू झाला आणि खाजगी जंगलं सरकारजमा झाली. त्यातून मुंबई-ठाण्याच्या जमिनींचे खटले पुढे अनेक दशकं चालले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की १९५०च्या दशकातली, मालकाला कधी बजावलीही नव्हती अशी नोटीस दाखवून जमीन वन ठरवता येणार नाही. कोकणात या कायद्याने एक धडा घरोघर शिकवला: रान राखलंत तर ते जाईल. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं आहे. जे काही जंगल आहे ते बहुतेक लोकांच्या सातबाऱ्यावर. म्हणजे जिथे मालकाने राखल्याशिवाय काहीच राहणार नाही, तिथेच मालकाच्या मनात राखण्याची भीती बसली आहे.

२००२च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात 'समुदाय राखीव' ही सोय आली. खाजगी किंवा गावकीच्या जमिनीवर, लोक स्वतः पुढे आले तर. मेघालयात असे अनेक राखीव झाले आहेत, कारण तिथे जंगल कुळांच्या आणि गावांच्या हातात आहे आणि निर्णय घेणारी परंपरा जिवंत आहे. पण एकदा अधिसूचना निघाली की जमिनीचा वापर सरकारच्या संमतीशिवाय बदलता येत नाही, आणि मालकाने जे सोडलं त्याची किंमत त्याच्या हातात येईल अशी तजवीज त्या कलमात नाही. एकवीस सह्या कशासाठी मागायच्या?

जे जवळपास आहे ते आमच्याच तालुक्यात आहे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था, अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांची, गेली अनेक वर्षं संगमेश्वर भागात खाजगी जंगलाच्या मालकांशी राखणीचे करार करते. ठरावीक वर्षं जंगल तोडायचं नाही, त्याबदल्यात मालकांना मोबदला. त्याच्या जोडीला त्यांनी बेहड्याच्या फळांचा धंदा उभा केला: झाडं उभी ठेवून पडलेली फळं गोळा करायची, सुकवायची, आणि फेअरवाइल्ड या प्रमाणपत्रासह परदेशी औषधी चहाच्या कंपनीला विकायची. ज्या बेहड्यात धनेश घर करतो त्याच बेहड्याने मालकाला दर हंगामात पैसे द्यायचे, असा तो विचार आहे. ठेकेदाराच्या एकरकमी पुडक्यासमोर इतकं सरळ उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण हा करार माणसांमधला आहे, जमिनीवरचा नाही. मुदत संपली, मालक बदलला, की तो संपतो. आज सातबाऱ्यावर त्याला जागा नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: ती जागा करावी. विधिमंडळाने छोटा कायदा करून मालकाला, त्याची इच्छा असेल तर, राखणीचा हक्क नोंदणीकृत संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला देता येईल असं करावं. दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंद व्हावी आणि 'इतर अधिकार' रकान्यात ती यावी. ज्या हक्काचं मोल नगररचनेचे नियम मुंबईत टीडीआर म्हणून मोजतात, त्याचं मोल डोंगरावरही मोजावं, त्याला करात सूट द्यावी. अमेरिकेचे घोटाळे डोळ्यांसमोर आहेत, म्हणून मूल्यांकन सरकारी यादीतल्या माणसाने करावं. आणि दरवर्षीच्या फेरीशिवाय एकही करार मान्य करू नये. सरकारजमा होईल ही भीती अशा करारातच लेखी काढून टाकावी. राखणाऱ्याला त्याने राखलं म्हणून शिक्षा नको.

असा कायदा होईल तेव्हा होईल. यंदा गौरीगणपतीला सगळी भावंडं गावी जमली तेव्हा मी काकांना घेऊन रानात गेले. नकाशा काढला, नऊ जागा ठरवल्या. वहाळाच्या दगडावरून पूर्वेला. मोठ्या ऐनाखालून वर. बेहड्यापासून वीस पावलांवरून ढोलीकडे. प्रत्येक ठिकाणी फोटो, तारीख, दिशा. माझा चुलतभाऊ डोंबिवलीहून आला होता. त्याने झाडं मोजली, मनगटाहून जाड तेवढी. संध्याकाळी पडवीत कागद केला: आज रान असं आहे. जमलेल्या तेरा जणांनी सह्या केल्या. आठ राहिल्या आहेत. त्यातल्या दोघांना पैशाची खरोखर गरज आहे आणि त्यांच्याशी काय बोलावं हे मला अजून सुचलेलं नाही.

त्या कागदाला कायद्यात नाव नाही, कोर्टात तो उभा राहणार नाही. काकांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याबरोबर ठेवला आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा ठेकेदार पुन्हा यायच्या वाटेवर असेल. काका या वेळीही त्याला पाणी देतील, बसवतील आणि 'नाही' म्हणतील. मग आम्ही दोघं त्या नऊ जागांवर पुन्हा जाऊन उभे राहू.